पहिलीत गेला तरी बुटाची लेस बांधता येत नाही

"वाचतो, शंभरपर्यंत अंक म्हणतो, पण बुटाची लेस काही बांधता येत नाही. डोक्याने कमी तर नसेल ना हो?" हा प्रश्न घेऊन येणारे पालक मला दरवर्षी भेटतात. शेवटचं वाक्य मूल बाहेर खेळायला गेल्यावर, आवाज खाली करून विचारलं जातं. म्हणून उत्तर आधीच सांगते. नुसती लेस बांधता न येण्यावरून मुलाच्या बुद्धीबद्दल काहीही ठरत नाही. बहुतेक मुलांना हे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कधीतरी जमतं, काहींना त्याहून थोडा उशीर लागतो, आणि तोही काळजीचा नसतो.

मालवण तालुक्यातल्या एका मच्छीमार वाडीतून एक आई साडेसहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील ट्रॉलरवर खलाशी, आई काजूच्या कारखान्यात, घरी आजोबा. शाळेच्या डायरीत बाईंनी लिहिलं होतं, "स्वतःचे बूट स्वतः घालण्याची सवय लावावी." त्या एका ओळीने आईची झोप उडाली होती. वर्गातल्या दोन-तीन मुलींना येतं हे तिला समजलं होतं आणि ते मनातून जात नव्हतं.

मी मुलाच्या आधी त्याचे बूट पाहिले. दोन्हींची मागची बाजू चेपून सपाट झालेली. लेसला निरगाठ, आणि तिच्यात इतकी माती बसलेली की ती गाठ कित्येक दिवसांत सुटलीच नव्हती. मूल तसाच पाय कोंबून बूट घालत होतं. म्हणजे त्याला बांधता येतं की नाही, हे अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

सकाळचं चित्र आईने सांगितलं. एसटी नाक्यावर दिसली की आजोबांची हाक, "हय हाड पाय, गाडी इली!" (इकडे आण पाय, गाडी आली!) आणि झटकन गाठ. आजोबांचं आयुष्य रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरांत गेलेलं. त्यांची बोटं इतकी भरभर चालतात की नातवाच्या डोळ्याला त्यातलं काहीच टिपता येत नाही. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर मुलं पावसाळी चपला नाहीतर सँडल घालून शाळेत जातात. लेसचे बूट खरे सुरू होतात ते गणपती झाल्यावर. मुलाच्या हाताला सरावच नाही, आणि आपण मात्र दिवाळीनंतर ते यायलाच हवं असं धरून चालतो.

तरीही मी काही गोष्टी करून घेतल्या. शर्टाची बटणं लावणं, बाटलीचं झाकण फिरवणं, दोऱ्यात मणी ओवणं, कात्रीने रेषेवर कापणं, एका पायावर लंगडी. सगळं जमलं, वरच्या बटणाला थोडा वेळ लागला इतकंच. यातल्या बऱ्याच गोष्टी अडत असतील, मूल वारंवार धडपडत असेल, पेन्सिल धरताना लगेच दमत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळकरी मुलांपैकी साधारण 5 ते 6 टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयाची खरी अडचण असते आणि ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतल्या जाणाऱ्या उपचारांचा, त्यांना चांगला उपयोग होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा त्यांनाही नि:संकोच सांगावं. ती तपासणी मोफत असते.

या मुलाला थेरपीची गरज नव्हती, निवांत वेळेची होती. पुढच्या वेळी मी आजोबांनाच बोलावलं.

लेस बांधणं आपल्याला एक काम वाटतं, पण त्यात फुली मारणं, खालून काढणं, ओढणं, फासा धरून ठेवणं, दुसरं टोक त्याभोवती फिरवणं, आत ढकलणं आणि पुन्हा ओढणं एवढं सगळं आहे. शिवाय एक हात धरून असताना दुसऱ्याने वेगळंच काहीतरी करायचं. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली की मूल मध्येच अडकतं आणि रडवेलं होऊन उठतं. म्हणून मी उलटीकडून शिकवायला सांगते. सगळं तुम्ही करा आणि दोन्ही फासे धरून शेवटचं ओढणं तेवढं मुलाला द्या. ते सहज जमलं की त्याच्या आधीची पायरी द्या. दरवेळी गाठ मुलाच्याच हातून पुरी होते, आणि ती खुशी त्याला परत बसायला लावते.

दोन फासे करून त्यांचीच गाठ मारायची 'सशाचे कान' पद्धत लहान हातांना सोपी जाते. लेस सुती आणि चपटी घ्यावी, गोल नायलॉनची निसटते. दोन बाजूंना दोन रंग असले की कुठली कुठून गेली ते दिसतं. आणि समोर बसू नका, शेजारी बसा, नाहीतर मुलाला सगळं उलटं दिसतं. मूल डावखुरं आणि तुम्ही उजवे असाल तर मात्र समोरच बसा, तेव्हा ते उलटं दिसणंच कामाला येतं.

आजोबांनी हे ऐकून घेतलं आणि घरी जाऊन एका फळीला भोकं पाडली, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरी जाड सुती दोरी ओवली. संध्याकाळी ओटीवर फळी नातवाच्या मांडीवर. हे मी सुचवलं नव्हतं, आणि आता इतर पालकांना आवर्जून सांगते. पाय वाकवून, खाली ओणवून शिकण्यापेक्षा मांडीवर खूप सोपं पडतं.

काही आठवड्यांनी आईचा फोन आला. बांधतो, पण शाळेत पोचेपर्यंत सुटते. मी विचारलं, फासे बुटावर आडवे बसतात की उभे, चवड्यापासून घोट्याकडे? उभे होते. पहिली गाठ आणि वरची गाठ दोन्ही एकाच दिशेने पडल्या की असं होतं आणि ती सैल पडते. पहिल्या गाठीत डावीवर उजवी घेत असेल तर उजवीवर डावी घ्यायची, बाकी सगळं तसंच. आजोबांना हे फोनवर अर्ध्या वाक्यातच कळलं.

आईने शेवटी विचारलं, घाईच्या दिवशी मीच बांधून दिली तर चालेल का, की वेल्क्रोचे बूट घेऊ? दोन्ही चालेल. सकाळी पावणेसातला शिकवणी नको. फक्त घरी आल्यावर बूट काढताना लेस त्यालाच सोडू द्या, टाच चेपून पाय ओढू देऊ नका.