जुनी हायब्रिड 3.5 लिटर, नवी 4 लिटर, मग बदलायची कशाला?

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे 2013 ची टोयोटा यारिस हायब्रिड आहे, काही तक्रार नाही, पण घरात आता 2020 नंतरचं मॉडेल घ्यायचा विषय निघालाय. दोन्हींचे ब्रोशर समोर ठेवून बघितले तर जुन्या गाडीला 100 किमीला 3.5 लिटर पेट्रोल लिहिलंय आणि नवीला जवळपास 4. म्हणजे नवी गाडी जास्त पेट्रोल पिते का? मग बदलायची कशाला?

उत्तर: नाही हो, नवी कमीच पिते. तुम्ही दोन वेगवेगळ्या परीक्षांचे मार्क शेजारी ठेवलेत. जुना आकडा एनईडीसी नावाच्या टेस्टचा आहे, ती 20 मिनिटांची, 11 किमीची, आणि त्यात गाडी इतकी हळूहळू वेग घेते की तसं रोज कुणीच चालवत नाही. नवा आकडा डब्ल्यूएलटीपीचा, 30 मिनिटं, 23 किमीच्या थोडं वर आणि वेग ताशी 131 किमीपर्यंत जातो. युरोपात सप्टेंबर 2018 पासून सगळ्याच नव्या गाड्यांना हीच टेस्ट लागू झाली. त्यामुळे ब्रोशर बाजूला ठेवा आणि तुमच्या गाडीचं टाकी टू टाकी, म्हणजे टाकी फुल करून पुन्हा फुल करेपर्यंतचं ॲव्हरेज काढा, नवीची टेस्ट ड्राइव्ह पण तुमच्या रोजच्याच रस्त्यावर घ्या.

आता खरा फरक कुठे आहे ते सांगतो, कारण शोरूममध्ये हे कुणी नीट समजावत नाही. जुन्यात 1.5 लिटरचं चार सिलिंडर इंजिन, नवीत 1.5 चंच पण तीन सिलिंडरचं, एकूण पॉवर 100 वरून 116 एचपी झाली. पण मला विचाराल तर मोठा बदल बॅटरीत आहे. जुनी निकेल मेटल हायड्राइड, नवी लिथियम आयन आणि वजनाला 27 टक्के हलकी. नवी बॅटरी आकाराने मोठी आहे असं अजिबात नाही, ती वीज पटकन आत घेते आणि पटकन बाहेर देते, सगळा फायदा तिथे आहे. म्हणजे तुम्ही ब्रेक मारला की जुन्या गाडीत त्यातली बरीच शक्ती ब्रेक पॅडवर जाऊन गरम होऊन वाया जाते, नवीत जास्त वाटा परत बॅटरीत येतो, आणि सिग्नल सुटल्यावर नवी गाडी इंजिन चालू न करता जास्त लांब जाते. ट्रॅफिकमध्ये स्क्रीनवरचं ईव्हीचं चिन्ह, म्हणजे गाडी नुसत्या बॅटरीवर चाललीये हे दाखवणारं, किती वेळ टिकतं तेवढंच दोन्ही गाड्यांत बघा, फरक लगेच कळेल. तुमचं बहुतेक ड्रायव्हिंग हायवेला एका वेगात असेल तर मात्र हा फायदा बराच कमी होतो, कारण ब्रेकच लागत नाही तर परत मिळवायचं काय.

जागेच्या बाबतीत नव्यावर फार विश्वास ठेवू नका. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2510 वरून 2560 मिमी झालाय तरी मागची सीट मला दाटीचीच वाटते, खिडक्याही लहान, मागे रोज मोठी माणसं बसणार असतील तर त्यांना बसवूनच ठरवा. सेफ्टीत मात्र नवी सरळ पुढे आहे. युरो एनकॅप या युरोपातल्या क्रॅश टेस्टचे पाच स्टार दोघींनाही आहेत, पण 2020 ची टेस्ट 2011 पेक्षा खूप कडक होती, आणि नवीत पुढच्या दोन सीटच्या मधेही एअरबॅग आहे.

प्रश्न: मग जुनी ठेवली तर बॅटरीचं काय? वय झालंय म्हणून भीती वाटते.

उत्तर: नुसत्या वयावरून घाबरू नका, लक्षणं बघा. चार्जच्या पट्ट्या भरभर वर जाऊन भरभर खाली येत असतील, मागच्या सीटजवळचा बॅटरी थंड करणारा पंखा सारखा जोरात फिरत असेल, सिग्नलला इंजिन उगाच सुरू होत असेल तर बॅटरी थकायला लागलीये. त्या पंख्याची हवा आत घेणारी जाळी आधी बघा, धूळ आणि कपड्यांचे धागे अडकून ती बंद होते, मग बॅटरी तापते आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. त्या जाळीवर पिशव्या, जॅकेट काही टाकायचं नाही. उतारावर बॅटरी फुल झाली की इंजिन आपोआप घुमायला लागतं, तो आवाज नॉर्मल आहे, पण छोट्याशा उतारावरच फुल दाखवत असेल तर मात्र शंका घ्या. गाडी हायब्रिडचं स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे न्या आणि बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचं (बॅटरी अशा छोट्या भागांची बनलेली असते) व्होल्टेज गाडी चालू असताना दाखवायला सांगा. सगळे ब्लॉक जवळजवळ सारखे असतील तर अजून दोन वर्षं निवांत चालवा, आणि एखादा ब्लॉक वेग घेताना बाकीच्यांपेक्षा खूप खाली पडत असेल तर बॅटरी बदलायचा खर्च विचारून घ्या, मग नवीचा विचार करा.