वाचक विचारतात : फ्रान्समधल्या बिनगाड्यांच्या सायकलवाटा

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको, वय साठीच्या आसपास. रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर सायकल होते, पण ट्रक आणि ट्रॅव्हल्समुळे जीव मुठीत धरावा लागतो. फ्रान्समध्ये गाड्यांना बंदी असलेल्या लांब सायकलवाटा आहेत म्हणे. आठ-दहा दिवसांत जमेल अशी एखादी सांगा. आपल्याकडची नॅरोगेज गेली तशा जुन्या रेल्वेमार्गांवर तिकडे सायकलवाटा केल्या, हे खरं का? (लातूर)

उत्तर : खरं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्सने फ्रेसिने योजनेतून लहान लहान गावांपर्यंत रेल्वेचे फाटे नेले. पुढे मोटारी आल्या, रेल्वेगाड्या रिकाम्या धावू लागल्या आणि फाटे बंद पडले. रूळ निघाले, पण भराव, पूल आणि बोगदे जागेवरच राहिले. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून अशा मार्गावर चढ शंभराला दोन-तीनच्या वर क्वचितच जातो. तुमच्या गुडघ्यांना हेच हवं आहे. बर्गंडीतली जिव्री ते क्लुनी ही 44 किलोमीटरची वाट 1997 मध्ये झाली. तिकडे अशा वाटेला ‘व्ह्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट म्हणतात, आणि त्या देशातली ती पहिली.

इथे एका शब्दाची गल्लत होते. ‘व्ह्वा व्हेर्त’वर मोटारगाड्यांना बंदी असते; तिथे चालणारे, सायकलवाले, स्केटवाले आणि कुठे कुठे घोडेस्वार असतात. ‘व्हेलोरूत’ म्हणजे मात्र पाट्या लावलेला लांब सायकलमार्ग, आणि त्यात गाड्या चालणारे गावरस्तेही धरलेले असतात. 900 किलोमीटरचा प्रसिद्ध लुआर मार्ग या दुसऱ्या प्रकारचा आहे. रस्ते शांत आहेत, पण सगळीकडे बिनगाडीचे नाहीत. माहितीपत्रकातला एकूण आकडा बघून भुलू नका, त्यातले किती किलोमीटर व्ह्वा व्हेर्त आहेत ते विचारा.

तुमच्यासाठी आमचं मत : बोर्दो ते तुलूझ. बोर्दोहून सोव्हतेर द ग्विएनपर्यंत साधारण 55 किलोमीटर जुन्या रेल्वेमार्गावर डांबरी वाट आहे. 1937 ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या रोजे लापेबीचं नाव तिला दिलंय. तिथून ला रेओलच्या बाजूला उतरेपर्यंत थोडे गावरस्ते लागतात. त्यांवर गाड्या असतात आणि चढउतारही आहेत. मग गारोन नदीला समांतर खोदलेल्या कालव्याची वाट लागते, ती तुलूझपर्यंत सोडायचं कारण नाही. मार्मांद, आजाँ, म्वासाक, मोंतेश अशी गावं वाटेवर किंवा जवळ येतात. आजाँला कालवाच 23 कमानींच्या पुलावरून गारोन नदी ओलांडतो आणि तुम्ही त्याच्या कडेने सायकल चालवत जाता. सगळं मिळून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दिवसाला 45 धरले तर सहा दिवस, दोन दिवस हातचे राखा. या मार्गाची आणखी एक मोठी सोय म्हणजे बोर्दो-तुलूझ रेल्वे जवळजवळ सोबतच चालते. पाऊस लागला, गुडघा धरला, तर पुढच्या स्टेशनवरून गाडी पकडता येते.

एक इशारा. कालव्याची वाट सपाट असते म्हणून ती सोपी, असं वाटतं. पण सपाटीवर उतार नसतो, म्हणून पायडल मारणं थांबत नाही आणि तासन्‌तास माणूस एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने बसून राहतो. पायाआधी बूड बोंबलतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पायडलवर उभं राहून दहा-बारा फेऱ्या मारायची सवय इथूनच लावा, आणि जाण्याआधी दोन महिने दर रविवारी सामानासकट 50 किलोमीटर करून बघा.

मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये मुक्कामाला जागा मिळणं कठीण जातं.

प्रश्न : तुलूझहून पुढे समुद्रापर्यंत कनाल द्यू मिदीची वाट आहे, तीही तशीच गुळगुळीत आहे का? टायर कोणते लावू? (परभणी)

उत्तर : नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. 240 किलोमीटरचा हा कालवा पिएर-पॉल रिके यांच्या देखरेखीखाली 1666 ते 1681 या काळात खोदला गेला. 1996 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तुलूझहून निघाल्यावर पहिले पन्नासेक किलोमीटर डांबर आहे. पुढे नोरूझचा 189 मीटर उंचीचा जलविभाजक उंचवटा येतो. तिथून पाणी एका बाजूला अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राकडे जातं. त्यानंतर काही टप्पे मुरूम टाकून नीट केलेत, पण बराच भाग म्हणजे मातीची पायवाटच. काठावरच्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांची मुळं वाट उचलून धरतात, दर काही फुटांवर आदळआपट. बुरशीच्या रोगामुळे हजारो झाडं तोडावी लागली, म्हणून काही ठिकाणी सावलीही गेलीय.

टायर 700 बाय 40 (म्हणजे 40 मिलिमीटर रुंद) पेक्षा अरुंद नकोत. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन धरलं तर मागे 45 आणि पुढे 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. जास्त भरली तर मुळांचा प्रत्येक दणका मनगटापर्यंत येतो, कमी भरली तर मुळावर आदळून रिमखाली ट्यूब चिमटते आणि तिला दोन शेजारी भोकं पडतात. तिथले पंप ‘बार’मध्ये आकडा दाखवतात; 3 बार म्हणजे साधारण 44 पीएसआय.

पावसानंतर एखादा दिवस थांबा. ओली माती चाक आणि मडगार्डच्या फटीत अशी भरते की चाक फिरत नाही. काळ्या रानात सायकल घातलेल्याला हे वेगळं सांगायला नको. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर फट ठेवा किंवा मडगार्ड काढूनच न्या. दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात आपला सराटाही भेटतो, अगदी तीच वनस्पती. काटा दिसला की लगेच उपटू नका. टायरमध्ये भोक बुजवणारा ट्यूबलेस द्रव असेल तर चाक फिरवून द्रव भोकापर्यंत जाऊ द्या, मग काढा.

दिशा तुलूझकडून समुद्राकडे ठेवा. ओद भागात वायव्येकडून ‘सेर’ वारा जोरात वाहतो, तो पाठीशी राहतो. उलटा ‘ओतां’ वाराही अधूनमधून सुटतो, तेव्हा सोसायचं.

प्रश्न : सायकल विमानाने न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी? (जालना)

उत्तर : दहा दिवसांपेक्षा कमी सहल असेल तर भाड्याने. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायची सोय या मार्गांवर मिळते. स्वतःची सीट आणि पायडलं मात्र घेऊन जा. अंगवळणी पडलेली सीट भाड्याने मिळत नाही.

स्वतःचीच न्यायची असेल तर सायकलच्या दुकानातून नव्या सायकलचा रिकामा खोका मागून घ्या. सीटच्या नळीवर टेप लावून उंचीची खूण करा, मग ती खाली घाला. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, त्यामुळे ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. इथे जोर लावून आटे घालवणारे पुष्कळ. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून कापडात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या (चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन पायांत ठोकळा घाला, नाहीतर वरून वजन आलं की फोर्क दबतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. वाटेत लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि तिथे चाक बसत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा.

व्हॉल्व्ह बघून ठेवा. रिमचं भोक जाड मोटार-व्हॉल्व्हचं असेल तर तिथली बारीक प्रेस्टा ट्यूब वॉशर घालून चालते. बारीक भोकात जाड व्हॉल्व्ह बसणार नाही.

प्रश्न : पूर्ण शाकाहारी आहोत. खेड्यात काय मिळेल? पाण्याचं काय? (नांदेड)

उत्तर : पाण्याचं सोपं आहे. फ्रान्समध्ये गावोगावच्या दफनभूमीत नळ असतो आणि तिथले सायकलवाले बाटल्या तिथेच भरतात. पाटी मात्र वाचा : ‘ओ पोताब्ल’ असेल तर पिण्याचं, ‘नों पोताब्ल’ असेल तर नाही.

जेवणाची गोष्ट वेगळी. खेड्यातली दुकानं दुपारी बाराच्या सुमाराला बंद होतात आणि दोननंतर उघडतात. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच उघडतच नाहीत. शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं सामान भरून ठेवा. ब्रेड, चीज, फळं, डब्यातले छोले आणि मसूर, कोशिंबिरी सगळीकडे मिळतं. हॉटेलात नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासा येऊ शकतो, म्हणून ‘नी व्यांद, नी प्वासों’ असं दोन्ही सांगा. भाजीच्या कीशमध्येही (अंडी घातलेला खारा पाय) डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, विचारून घ्या.

घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेलं पीठ न्या. तूप आणि खवा नेऊ नका, दूध-मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला प्रवाशांना मनाई आहे. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घ्यावा लागतो.

प्रश्न : रेल्वेत सायकल चढवता येते का? आणि कुठले नियम मोडले तर अडचण होईल? (बीड)

उत्तर : ‘टीईआर’ या प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुधा फुकट जाते, काही भागांत उन्हाळ्यात आरक्षण लागतं. काही डब्यांत सायकल आकड्याला टांगायची असते, म्हणून गाडी येण्याआधीच पिशव्या उतरवून ठेवा. वेगवान गाड्यांपैकी काहींतच जागा असते आणि ती तिकिटासोबत पैसे भरून घ्यावी लागते.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं. गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो गल्लीतून आला तरी. हेडफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे. घंटी लागतेच, रात्री दिवे आणि गावाबाहेर चमकणारं जाकीटही. वाट जिथे डांबरी रस्ता ओलांडते तिथे सहसा तुम्हीच थांबायचं असतं. तिथले आडवे खांब मोटारी अडवण्यासाठी लावलेत. रुंद पिशव्या त्यात अडकतात, उतरून ढकला.

प्रश्न : सरावासाठी जायकवाडीच्या कालव्यावरचा रस्ता चालेल का? (पैठण)

उत्तर : डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132, आणि कडेचा रस्ता बराचसा मुरमाचा. कनाल द्यू मिदीच्या कच्च्या टप्प्यांची रंगीत तालीम म्हणून याहून जवळचं काही नाही. पण तो पाटबंधारे खात्याचा देखभालीचा रस्ता आहे, सायकलवाट नव्हे. आधी शाखा कार्यालयात विचारा, पाण्याच्या कडेने चालवू नका, आणि खिशात दोन ट्यूब ठेवा. बाभळीचे काटे फ्रान्समध्ये भेटायचे नाहीत, इथे हमखास भेटतील.