धुऱ्यावरचं भांडण आणि पेपरातलं उत्तर

भाऊ, कायद्याच्या परीक्षेत फौजदारीच्या प्रश्नात घटना वाचली की लगेच 'हा खूनच' असं लिहायला घेऊ नको. क्रम ठेव: मुद्दा, नियम, लागू करणं, निष्कर्ष. त्याआधी तारीख बघ. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता, त्याआधीच्या घटनेला जुनी दंड संहिता.

आपल्याकडचंच उदाहरण घे. पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्यावरून दोघांची जुंपली, एकाने हातातली कुऱ्हाड दुसऱ्याच्या डोक्यात घातली, तो मेला. मुद्दा प्रश्नाच्या रूपात लिही: हा न्याय संहितेच्या कलम 101 चा खून, की त्याच कलमाच्या अपवाद 4 मुळे (पूर्वतयारीशिवाय अचानक झालेलं भांडण, गैरफायदा किंवा क्रूरता नाही) खुनापेक्षा कमी गंभीर असा सदोष मनुष्यवधच राहतो? नियम दोन-तीन ओळीत आटप.

खरे गुण लागू करण्यात असतात, आणि पोरं तिथंच घाई करतात. नियमाचा एकेक घटक घे, त्यासमोर घटनेतली नेमकी गोष्ट ठेव. भांडण अचानक झालं का? कुऱ्हाड आधीच हातात होती, की घरी जाऊन आणली? घरी जाऊन आणली असेल तर पूर्वतयारीचा प्रश्न उभा राहतो. समोरचा निःशस्त्र होता का? एकच घाव, की पडल्यावरही घातले? गैरफायदा आणि क्रूरता इथंच तपासायची. इजेच्या हेतूसाठी सर्वोच्च न्यायालयाचा विरसा सिंग (1958) हा निकाल आठव: तीच इजा करायचा हेतू होता का, आणि ती निसर्गक्रमात मृत्यूला पुरेशी होती का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आरोपीच्या बाजूनेही लिही. प्रश्नात माहिती अपुरी असेल तर 'असं असल्यास' म्हणून दोन्ही वाटा दाखव. निष्कर्षाला एक ओळ पुरते.