ग्रीसच्या एखाद्या बेटावर ऑलिव्हची तोडणी आणि तेल काढणं प्रत्यक्ष पाहायचंय. कधी आणि कुठे जावं? आपल्याला हात लावू देतात का?

नोव्हेंबरात जा आणि क्रीटला जा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलात तर झाडं दिसतील, तेल नाही. तिथली तोडणी साधारण ऑक्टोबरअखेर सुरू होते ती जानेवारीपर्यंत चालते. हानिया किंवा सितियाकडे शेतावरच्या घरात उतरा आणि तोडणी बघायला येतोय हे आधीच कळवा. हात लावू देतात, उलट खूश होतात. फक्त पर्यटक व्हिसावर मजुरी घेऊन काम करायच्या भानगडीत पडू नका.

दगडी जातं आणि ते ओढणारं गाढव डोक्यात असेल तर ते आता संग्रहालयात. आज झाडाखाली जाळ्या अंथरतात आणि टोकाला फिरते दाते असलेली लांब काठी फांद्यांत घालतात. ती जनरेटरवर चालते, त्यामुळे रानातली शांतता वगैरे विसरा. फळं टपाटपा डोक्यावर, कॉलरच्या आत पडतात. क्रीटची मुख्य जात कोरोनेइकी. फळ बोटाच्या पेराहून लहान. मला दिलेलं काम म्हणजे जाळीवर ओणवं बसून डहाळ्या वेचणं आणि पोती भरणं. दुपारपर्यंत कंबर बोलायला लागते. मोहापायी झाडावरचं फळ चावू नका, कडूजहर असतं.

पण खरी मजा संध्याकाळी गिरणीत. पोत्यात फळ तापलं की तेलाची आम्लता वाढते, म्हणून शक्यतो त्याच दिवशी माल आणतात आणि रांग लागते. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत बायका आपल्याच गव्हाचं पीठ मिळतंय ना म्हणून डब्यावर नजर ठेवून उभ्या राहतात, तसेच तिथे शेतकरी आपल्या घाण्यापाशी. पाला उडवून, धुऊन फळ बियांसकट भरडतात. मग बंद टाकीत लगदा अर्धा-पाऊण तास हळूहळू ढवळतात. तापमान 27 अंशांच्या आत राहिलं तरच त्याला कोल्ड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे फार न तापवता काढलेलं तेल, म्हणता येतं. पुढे सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरागरा फिरणारं यंत्र, तेल वेगळं काढतं. कोरोनेइकीच्या साधारण पाच किलो फळाला एक किलो तेल पडतं, आणि गिरणीची मजुरी बऱ्याचदा तेलातच वळती करतात.

नळीतून पडणारं तेल गढूळ, हिरवंगार. भाजलेल्या पावावर ते आणि मीठ, बस. घशाशी मिरीसारखं झोंबून ठसका लागला तर तेल खराब नाही. ओलिओकँथल नावाच्या घटकामुळे तसं होतं आणि ताज्या चांगल्या तेलाची ती खूण मानतात. दुकानातलं गुळमुळीत ऑलिव्ह ऑइल त्यानंतर मला तरी बेचव लागतं.

हानियाकडे असाल तर वूव्हेस गावातलं अतिप्राचीन झाड पाहून या. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये विजेत्यांच्या मुकुटांसाठी याच्या फांद्या वापरल्या होत्या. खोड पार पोकळ, तरी फळ धरतं.

दोन गोष्टी बुकिंगआधी विचारा. ऑलिव्हला एक वर्ष भरघोस आणि पुढचं कमी असा बहर येतो, तेव्हा यंदा कसं आहे ते. आणि पावसात तोडणी बंद असते, म्हणून मुक्काम दोन-तीन दिवस वाढवता येईल का, तेही.