संचलनात पुढे कोण, मागे कोण?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या उद्‌घाटनाला सर्व संघांचे संचलन असते. यंदा पुढे कोणी चालायचे यावरून मैदानावरच वाद झाला. गेल्या वर्षीच्या विजेत्या शाळेला पहिले स्थान हवे होते आणि सर्वांत मोठ्या पटसंख्येची शाळा मागे राहायला तयार नव्हती. ऑलिम्पिकमध्ये तर दोनशेहून अधिक संघ असतात. तिथे हा क्रम कोण ठरवतो? भारताचे स्थान दर वेळी का बदलते?
— एक क्रीडाशिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : तिथे क्रम ठरवण्याचे काम यजमान देशाच्या वर्णमालेवर सोपवलेले असते. देशाने किती पदके मिळवली किंवा त्याचे पथक किती मोठे आहे, याचा त्याच्या जागेशी काहीही संबंध नसतो. ऑलिम्पिकची जन्मभूमी म्हणून ग्रीस सर्वांत पुढे आणि यजमान सर्वांत शेवटी, हा प्रघात १९२८ च्या ॲमस्टरडॅम स्पर्धेपासून चालत आला आहे. मधल्या काळात त्यात थोडी भर पडली आहे. निर्वासित खेळाडूंचा संघ २०१६ मध्ये रिओत प्रथम उतरला तेव्हा तो यजमान ब्राझीलच्या अगदी आधी आला होता. टोकियोपासून त्याला ग्रीसच्या पाठोपाठचे स्थान मिळाले. टोकियोपासूनच पुढील स्पर्धांचे यजमानही शेवटच्या रांगेत येऊ लागले, त्यामुळे तिथे अमेरिका, फ्रान्स आणि मग जपान असा शेवट झाला. बाकी सारे देश अक्षरांच्या हवाली.

भारताचे स्थान बदलते ते याचमुळे. टोकियोत जपानी वर्णक्रमाने आपले पथक २१ व्या क्रमांकावर मैदानात आले, तर पॅरिसमध्ये फ्रेंच क्रमाने त्याचा क्रमांक ८४ वा होता. या तीन वर्षांत भारताची पत वाढली किंवा घटली असा त्याचा अर्थ कोणी काढला नाही. १९८८ मध्ये सोलला कोरियन लिपीनुसार ग्रीसच्या मागोमाग घाना आला. २००८ मध्ये बीजिंगला तर नावाचे चिनी अक्षर लिहिण्यास किती रेघा लागतात ते मोजून क्रम लावला होता. त्या हिशेबात गिनी ग्रीसच्या पाठोपाठ आला आणि एरवी पहिल्या काही संघांत दिसणारा ऑस्ट्रेलिया पार शेपटाला गेला. बार्सिलोनात १९९२ मध्ये स्पॅनिश क्रम घ्यावा की त्या प्रांताच्या कातालान भाषेचा, हा प्रश्न इतका नाजूक होता की आयोजकांनी दोन्ही बाजूला ठेवून फ्रेंच क्रम स्वीकारला. म्हणजे भांडण तिथेही होते, फक्त ते भाषेवरून होते.

भारताने २०३६ च्या यजमानपदासाठी इरादापत्र दिलेले आहे. ते यजमानपद मिळाले आणि देवनागरी क्रम लावायचे ठरले, तर इंग्रजी क्रमात हमखास शेवटी राहणारा झिंबाब्वे ‘झ’मुळे मध्यावर येईल आणि शेवटी हंगेरी, हैती, होंडुरास ही मंडळी उरतील. अंगोला अमेरिकेच्या आधी घ्यावा की अनुस्वार ‘औ’नंतर येतो म्हणून मागे ठेवावा, यावर मात्र आपल्याकडचे भाषाशिक्षक एक पूर्ण दुपार सहज घालवतील.

आता आपल्या तालुक्याविषयी. वर्णक्रम लावाच, परंतु तो शाळेच्या नावाने लावू नका, कारण निम्म्या शाळांची नावे ‘जिल्हा परिषद’ या शब्दांनीच सुरू होतात आणि त्या साऱ्या ‘ज’पाशी एकत्र गोळा होतील. गावाच्या नावाने क्रम लावावा, एका गावात दोन शाळा असल्यास तेवढ्यापुरते शाळेचे नाव पाहावे, आणि यजमान शाळेने शेवटी चालावे. कोणते नाव वापरायचे हे मात्र स्पर्धेच्या आधीच्या बैठकीत लेखी ठरवून घ्यावे. ऑलिम्पिकमध्येही तैवानचा संघ ‘चिनी तैपेई’ या ठरवून घेतलेल्या नावाने येतो, आणि ते नाव ठरेपर्यंत बरीच वर्षे वाद चालला होता. नामफलक आणि ध्वज सर्वांचे एकाच मापाचे असावेत व ते आयोजकांनीच पुरवावेत, हा ऑलिम्पिकचा नियम तर आपण जसाच्या तसा उचलावा. घरून मोठा ध्वज शिवून आणणारी शाळा प्रत्येक तालुक्यात एक तरी असते.

समारोपासाठी मात्र क्रमच नको. १९५६ मध्ये मेलबर्नला बढईकाम शिकणाऱ्या जॉन इयान विंग या सतरा वर्षांच्या मुलाने आयोजकांना निनावी पत्र लिहून सुचवले की, शेवटच्या दिवशी खेळाडूंनी देशवार न चालता एकमेकांत मिसळून यावे. ती सूचना मानली गेली आणि समारोपाचे संचलन तेव्हापासून तसे होऊ लागले.

प्रश्न : पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये आमच्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी तिरंगा धरला, याचा आम्हा मुलींना फार अभिमान वाटला. ध्वजवाहक कसे निवडतात? तसेच, त्याआधीच्या ऑलिम्पिकच्या संचलनात मी बीडच्या अविनाश साबळे यांना शोधत होते, पण ते दिसले नाहीत. सर्व खेळाडूंना चालणे बंधनकारक नसते का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मुखेड (जि. नांदेड)

उत्तर : निवड त्या त्या देशाची ऑलिम्पिक समिती करते, पॅरालिम्पिकसाठी ती जबाबदारी पॅरालिम्पिक समितीची असते. पूर्वी एकाच खेळाडूला हा मान मिळे. टोकियोपासून एक महिला व एक पुरुष अशी जोडी पाठवण्याची मुभा मिळाली आणि त्याचा परिणाम आपल्याकडे ठळकपणे दिसतो. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंद, बलबीरसिंग यांच्यापासून अभिनव बिंद्रापर्यंतच्या दीर्घ यादीत महिला दोनच आहेत : १९९२ मध्ये शायनी विल्सन आणि २००४ मध्ये अंजू बॉबी जॉर्ज. त्यानंतर टोकियोत मेरी कोम व मनप्रीत सिंग आणि पॅरिसमध्ये पी. व्ही. सिंधू व शरत कमल अशा जोड्या आल्या. भाग्यश्री जाधव गोळाफेकपटू असून, २८ ऑगस्ट २०२४ रोजी भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्यासह त्यांनी ८४ खेळाडूंच्या पथकाचे नेतृत्व केले. पॅरालिम्पिकमध्ये ग्रीसला अग्रस्थानाचा मान नसतो, हेही जाता जाता नोंदवतो.

निवड झाली तरी शेवटच्या क्षणापर्यंत काही सांगता येत नाही. टोकियो पॅरालिम्पिकसाठी उंच उडीतील मरियप्पन थंगवेलू यांचे नाव ठरले होते. परंतु प्रवासात ते कोरोनाबाधित व्यक्तीच्या संपर्कात आल्यामुळे त्यांना विलगीकरणात राहावे लागले आणि ध्वज टेकचंद यांच्या हाती आला.

चालण्याची सक्ती नसते. ज्याची स्पर्धा दुसऱ्या दिवशी आहे त्याला तासन्‌तास ताटकळत उभे राहणे परवडत नाही. टोकियोत उद्‌घाटन २३ जुलैला झाले आणि मीराबाई चानू यांनी रौप्यपदक जिंकले ते २४ जुलैला. याउलट, ज्यांची स्पर्धा दुसऱ्या आठवड्यात असते ते बहुधा अन्यत्र सराव करून उशिरा दाखल होतात. पॅरिसमध्ये सीन नदीतून बोटींनी संचलन झाले ते २६ जुलैला, तर साबळे यांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) पहिली फेरी ५ ऑगस्टला होती. ती पार करून त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि ते अकरावे आले. त्यामुळे उद्‌घाटनाच्या चित्रणात आपल्या भागातील चेहरा दिसला नाही, तर हिरमुसण्याचे कारण नाही.

प्रश्न : भारतीय खेळाडू एकदा तिरंग्याशिवाय चालले होते, असे ऐकले. हे खरे आहे का?
— एक वाचक, उमरगा (जि. धाराशिव)

उत्तर : खरे आहे. भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या कारभारामुळे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने डिसेंबर २०१२ मध्ये तिला निलंबित केले होते. त्यामुळे फेब्रुवारी २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आपले तीन खेळाडू ‘स्वतंत्र सहभागी’ म्हणून पाच कड्यांच्या ध्वजाखाली आले. ध्वजाविना चालण्याची वेळ त्याआधी इतरांवरही आली होती. १९०८ मध्ये लंडनला फिनलंडचे खेळाडू रशियाचा ध्वज घेण्यास तयार नव्हते आणि स्वतःचा ध्वज वापरण्याची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून ते रिकाम्या हातांनी चालले. मात्र फिनलंडवर परक्यांची सत्ता होती; आपला ध्वज आपल्याच पदाधिकाऱ्यांमुळे गेला. सोचीत ११ फेब्रुवारीला निलंबन उठले आणि २३ तारखेच्या समारोपात तिरंगा दिसला. त्या तिघांपैकी शिवा केशवन यांची ल्यूजची (बर्फावरील घसरगाडीची) शर्यत मात्र ९ तारखेलाच संपली होती.