आजोबांची तारीख बरोबर आहे

प्रश्न: ताई, मी लातूरला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. प्रोजेक्ट म्हणून भूकंपांचं वेब ॲप बनवतोय, डेटा यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडून घेतो आणि लीफलेट या मॅप लायब्ररीने मॅपवर गोल काढतो. पण किल्लारीचा ठिपका जातोय थेट आर्क्टिक समुद्रात आणि तारीख दिसते २९ सप्टेंबर १९९३. आजोबा बघून म्हणाले, "येड्या, तीस तारीख होती, पहाटेची." डेटाच चुकलाय का?

उत्तर: डेटा बरोबर आहे रे, आणि आजोबा तर आहेतच. ठिपक्याचं सोपं आहे. यूएसजीएसचा डेटा येतो त्या जिओजेसन फॉरमॅटमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश, तिसरा आकडा खोलीचा, आणि लीफलेटच्या मार्करला हवा असतो आधी अक्षांश. किल्लारी १८ उत्तर, ७६ पूर्वच्या आसपास, ते उलटं झालं की तू पोचलास आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांजवळ! माझंही झालंय हे, अख्खी संध्याकाळ मी मॅपच्या टाइल्सना शिव्या घालत बसले होते.

तारखेची गंमत वेगळी. फीडमधली, म्हणजे यूएसजीएसकडून येणाऱ्या डेटातली वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद, तेही यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत. आपल्याकडे पहाटेचे चार वाजत आले होते तेव्हा यूटीसीत २९ तारखेची रात्रच चालू होती, आणि तू बहुतेक आयएसओ स्ट्रिंगची, म्हणजे '1993-09-29T...' अशा मजकुराची, पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून दाखवतोयस. टाइमझोन आशिया-कोलकाता दे, ३० येईल. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्काही पहाटेचाच, तिथेही हाच घोळ होणार, शिवाय १९७० च्या आधीचा म्हणून आकडा उणे येतो, तेव्हा 'शून्यापेक्षा मोठा' असा फिल्टर कुठे लावला असशील तर कोयना गुपचूप गायब.

आता तू न विचारलेलं. गोलाची त्रिज्या सरळ मॅग्निट्यूडवरून घेतली असशील तर ५ आणि ६ चे गोल जवळपास सारखेच दिसतील, खरं तर एका अंकाला ऊर्जा साधारण ३२ पट वाढते. पण म्हणून ३२ पट गोल काढलास तर मराठवाडाच झाकला जाईल, दर अंकाला दुप्पट त्रिज्या ठेव, डोळ्याला बरं दिसतं. आणि गोल मोठा म्हणजे नुकसान मोठं असंही नाही हं. किल्लारी ६.२ चा, कोयनाही साधारण तेवढाच, पण किल्लारीत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतच अंगावर आल्या, कोयनेत दोनशेच्या आसपास. फीडमध्ये मृतांचा आकडा नसतो, तो तुला हाताने भरावा लागेल.