लुपिन : लांडग्याच्या नावाचं फूल

धरमपेठेतल्या एका ताईंनी विचारलंय : 'भाचीने न्यूझीलंडहून टेकापो तळ्याकाठच्या जांभळ्या-गुलाबी लुपिनचा फोटो पाठवला. या नावाचा लांडग्याशी संबंध आहे म्हणतात, खरं का? मराठीत लांडगेफूल म्हटलं तर चालेल?'

ताई, संबंध खरा आहे. लॅटिनमध्ये 'लुपस' म्हणजे लांडगा आणि 'लुपिनस' म्हणजे लांडग्याचा. 'कॅनिस' म्हणजे कुत्रा, त्यावरून दातांचे डॉक्टर सुळ्यांना कॅनाइन म्हणतात, तशीच ही घडण. ल्युपस या आजाराचं नावही याच लांडग्यावरून आलं. त्वचेवरचे व्रण चावा घेतल्यासारखे दिसत म्हणून. आणि लुपस हा आपल्या संस्कृत 'वृक'चा सख्खा भाऊबंद. वृकोदर भीमाच्या पोटात आणि टेकापोच्या फुलात एकच लांडगा बसलाय म्हणा ना!

पण बिचाऱ्या फुलाला हे नाव का? नेहमी सांगतात ते असं : हे झाड लांडग्यासारखं जमिनीचा कस खाऊन टाकतं, असा जुन्या लोकांचा समज होता. मला हे जसंच्या तसं पटत नाही. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला रोमन लेखक केटो जमिनीला खत देणाऱ्या पिकांत लुपिन स्पष्ट मोजतो. रोमन शेतकरी ते हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडत, आपल्याकडे बोरू गाडतात तसं. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, हे त्यांना माहीत नसेल; पण पुढचं पीक जोमदार येतं हे डोळ्यांना दिसतच होतं. मग ते पिकवणारा शेतकरी कस खातं म्हणून नाव कशाला ठेवेल? उलट ते निकस, रेताड जमिनीतही तग धरतं, त्यामुळे नुसतं बघणाऱ्यांनी जमिनीचा दोष झाडावर ढकलून हे नाव दिलं असेल, हे जास्त शक्य वाटतं.

जाता जाता : ऋग्वेदात अश्विन 'वृका'ने जव पेरतात, आणि वैदिक शब्दांचे अर्थ सांगणारा प्राचीन पंडित यास्क तिथे वृक म्हणजे नांगर असा अर्थ देतो. जमीन फाडणारा तो वृक! याचा धागा लुपिनला जोडायचा मोह होतो, पण पुरावा नाही, म्हणून आवरतो.

रोमन कवी व्हर्जिल लुपिनला 'उदास' म्हणतो, म्हणजे कडू. बियांत अल्कलॉइडं म्हणजे कडू, विषारी द्रव्यं असतात. उकडून, पाणी बदलत कित्येक दिवस भिजवल्याशिवाय त्या खाता येत नाहीत. आपल्या लाखोळीचं विष वेगळं, पण उकळून पाणी फेकायची युक्ती तीच. इटलीत पांढऱ्या लुपिनच्या खारवलेल्या बिया साल सोलून तोंडात टाकतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात तारवी नावाचं लुपिन खातात, ऑस्ट्रेलियात अरुंद पानांचं, कमी कडू वाण शेतात घेतात. टेक्सासचं राज्यफूल ब्लूबॉनेट हेही लुपिनच. शोभेच्या रंगीत जाती मात्र यॉर्कच्या जॉर्ज रसेल या माळ्याची करामत. त्याने त्या 1937 मध्ये लोकांपुढे मांडल्या. तुमच्या फोटोतली फुलं त्यांच्याच गोतावळ्यातली.

आता मराठी नाव. लुपिनला चुनखडीची जमीन मानवत नाही आणि आपली काळी माती चुनखडीचीच, वरून नागपूरचा मे महिना. झाड इथे नांदलंच नाही, तर नाव कुठून येणार? लांडगेफूल नका म्हणू. वाघनखी म्हटलं की फळाची आकडेदार नखं दिसतात. लांडगेफुलात माणूस उगाच लांडगा शोधत बसेल. खरंतर एक जुनं नाव आपल्या आसपास आहेच : ग्रीक 'थर्मोस'वरून अरबी 'तुर्मुस' झालं आणि युनानी औषधांबरोबर ते भारतात आलं. बियांसाठी ते चालवावं. फुलाला सरळ लुपिन म्हणा. भाची 'लुपाइन' म्हणत असेल तर तिचंही चूक नाही. अमेरिकेत फुलाला काहीजण तसंच म्हणतात, फक्त इंग्रजीत त्याचा 'लांडग्यासारखा' असाही अर्थ होतो.